समोरचे हात

बुद्धघोष लोंढे इंदापूरच्या आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या पोरांना शिकवायचा आणि राहायचा बारामतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. गाव लोणी भापकर. तिथं आई-वडील, आणि धाकटा भाऊ विकी शेती बघायचा. बुद्धघोषची चाळिशी उलटली होती आणि लग्न झालं नव्हतं. मधल्या काळात स्थळं आली होती, नाही असं नाही. एका मुलीनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला छंद काय?" तर यानं तिला एका परदेशी बोर्डगेमचे नियम सांगायला घेतले. पोहे गार झाले, मुलीच्या मामानं दोनदा घड्याळ बघितलं, तरी याची पहिली फेरी संपली नव्हती. पुढं स्थळं यायची कमी झाली आणि मग थांबलीच. वडिलांनी, बाजीरावांनी, त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. आई तेवढ्या अधूनमधून उसासा टाकायच्या.

खेळांबद्दल त्याची मतं पक्की होती. हल्लीचे व्हिडिओ गेम माणसाला हरूच देत नाहीत, असं तो म्हणायचा. कुठं जायचं त्याचा बाण दाखवतात, काय करायचं ते कानात सांगतात, आणि चुकलात तरी पाठ थोपटतात. बोर्डगेममध्ये प्लास्टिकचे मोठमोठे राक्षस आले की तो समजून जायचा, की नियमांत दम नाही. आणि इंटरनेटवर खेळांचे व्हिडिओ करणाऱ्यांवर तर त्याचा भारी राग. सुरुवातीलाच ओरडायचं, फोटोत तोंड वासायचं, आणि खेळाबद्दल बोलायचं सोडून स्वतःबद्दल बोलायचं, हे कशाला? म्हणून त्यानं स्वतःचं चॅनेल काढलं तेव्हा ठरवलं, की आपला चेहरा दाखवायचाच नाही. वायरिंगच्या पाइपांचा एक सांगाडा करून त्यानं टेबलावर मोबाइल उलटा टांगला. व्हिडिओत नुसता पट दिसायचा, सोंगट्या दिसायच्या, आणि हात. आवाज त्याचा. शांत, जरा लांबण लावणारा, वर्गात सर्किट समजावून सांगतात तसा.

बघणारे फार नव्हते. मराठीत असलं काही बघणारे मुळात थोडे, आणि त्यातले अर्ध्यातून निघून जायचे. त्याला त्याचं वाईट वाटायचं, पण तो ते मान्य करायचा नाही.

व्हिडिओत हातांच्या दोन जोड्या दिसायच्या. अलीकडच्या बाजूला पांढऱ्या बाह्यांचे हात, ते त्याचे. पलीकडच्या बाजूला हिरव्या बाह्यांचे. "आता आमच्या मित्रानं बघा काय केलं," असं तो म्हणायचा, आणि हिरव्या बाहीचा हात एखादी सोंगटी पुढं सरकवायचा.

असा कुणी मित्र नव्हताच. पहिल्यांदा एक नियम दाखवायचा होता, त्याला समोर कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं, शर्ट बदलला, टेबलाला वळसा घालून पलीकडं बसला आणि चाल खेळला. ते बरं दिसलं. मग पुढच्या व्हिडिओतही तेच केलं. हळूहळू त्या मित्राला सवयी आल्या. तो जरा उतावळा होता, मोठे डाव टाकायचा, हरला तरी चिडायचा नाही. रविवारची आख्खी दुपार शर्ट घालण्या-काढण्यात जायची. संध्याकाळी दोन्ही शर्ट एकाच खिळ्याला टांगलेले असायचे आणि बुद्धघोष गॅसवर खिचडी टाकायचा.

लहानपणी असं नव्हतं. बहीण दिशा त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि खेळायला वस्ताद. ओट्यावर खडूनं वाघ-बकरीचा पट आखून दोघं उन्हं उतरेपर्यंत खेळत. वाघाचे खडे मोठे, बकऱ्यांचे चिंचोके. वाघानं उडी मारून बकरी खायची, आणि बकऱ्यांनी मिळून वाघाला हलता येणार नाही असं कोंडायचं. दिशा हरायला लागली की चिंचोके तोंडात टाकायची. आता ती नाशिकला होती, तिचा नवरा कंपनीत, दोन मुलं. पूर्वी ती दर दोन-चार दिवसांनी फोन करायची. गेल्या वर्षा-दोन वर्षांत ते कमी होत होत सणावारापुरतं राहिलं. बुद्धघोषनं मनाची समजूत घातली, की संसार म्हटल्यावर असं होणारच.

त्या हिवाळ्यात त्यानं एक व्हिडिओ टाकला. विषय होता, एकट्यानं खेळायचे बोर्डगेम. अशा खेळांची तेव्हा बरीच चलती होती. बुद्धघोषनं त्यांना झोडून काढलं. "एकट्यानं खेळणं हा खेळच नव्हे," तो म्हणाला. "ते घरकाम आहे. कपड्यांच्या घड्या घालण्यासारखं. समोर माणूस नसेल तर तुम्ही कुणाला फसवणार, आणि कुणाला चकित करणार?"

दुसऱ्या दिवशी व्हिडिओखाली विनया नावाच्या बाईंची प्रतिक्रिया आली. "मी रोज एकटीच खेळते आणि मला ते घरकाम वाटत नाही. घरकाम मी करते, त्यामुळे फरक ठाऊक आहे. आणखी एक विचारू का? तुमच्या मित्राच्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग आहे. तुमच्याही आहे. अगदी तसाच."

बुद्धघोष तेव्हा इंदापूरच्या बसमध्ये होता. सणसरजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी बोलत उभा होता. त्यानं अंगठा बघितला. सोल्डरिंग करताना पडलेला जुना डाग. इतके दिवस तो त्याला डाग म्हणून दिसलाच नव्हता. शेजारचा म्हातारा झोपलेला होता, तरी त्यानं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी एवढंच राहिलं. "तुमचं निरीक्षण बरोबर आहे."

तिचं उत्तर लगेच आलं. "कुणाला सांगणार नाही. तसंही इथं आपण दोघंच आहोत."

तो हसला. घरात एकटं असताना मोठ्यानं हसू आलं की कसं वाटतं, ते त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं.

मग बोलणं सुरू झालं, आधी व्हिडिओखाली आणि नंतर व्हॉट्सॲपवर. विनया कुलकर्णी भिगवणला राहायची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, चिंतामण त्यांचं नाव. पक्षाघातानंतर त्यांची एक बाजू कमजोर झाली होती, त्यामुळं लॅब सुटली की ती थेट घरी. तिचं लिहिणं मोजकं. त्यानं लांबलचक मत लिहिलं की ती एका ओळीत त्यातली फट दाखवायची. "हरू न देणारे गेम तुम्हाला आवडत नाहीत, कारण तुम्हाला दिवसभर कुणी हरवत नाही," असं तिनं एकदा लिहिलं. त्याला ते पटलं नाही, पण दोन दिवस डोक्यात राहिलं.

वाघ-बकरी खेळायची कल्पना त्याची. पटावरच्या जागांना त्यानं आकडे दिले, कागदावर काढून फोटो पाठवला. तो वाघ, ती बकऱ्या. दिवसाला एक चाल, कधी दोन. सकाळी बसमध्ये बसला की तो आधी मेसेज उघडायचा. ती बकऱ्या सहज देऊन टाकायची, त्याला वाटायचं चुकली, आणि मग कधीतरी अंथुर्णे मागं पडल्यावर लक्षात यायचं, की आपला एक वाघ कोपऱ्यात बसलाय आणि आता त्याला उठता येणार नाही. वर्गात पोरं म्हणायला लागली, सर आजकाल खुशीत असतात. मल्टिमीटर कुणी पाडला तरी ओरडत नाहीत.

त्यानं हिरवा शर्ट धुऊन कपाटात ठेवला. व्हिडिओ टाकणंही महिनाभर लांबलं.

मग त्यानं एक नवीन खेळ मागवला, खास दोघांसाठी केलेला. समुद्रकिनाऱ्यावर दोन दीपगृहं, दोन राखणदार, आणि वादळात वाट चुकलेली जहाजं. प्रत्येकानं आपले दिवे लावून जहाजं आपल्या बंदराकडं ओढायची. खेळ फार सुंदर होता. त्यानं खोक्यातून सगळं काढलं, पत्ते पिसले, परत आत ठेवले. एकट्यानं त्याला हात लावायचा नव्हता. त्यानं विनयाला लिहिलं, "एकदा समोरासमोर खेळू या का?"

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. "रविवारी या. घरीच या, बाबांना सोडून मला बाहेर पडता येत नाही."

रविवारी त्यानं मोटारसायकलच्या मागं खोकं नीट बांधलं, वर प्लास्टिक गुंडाळलं. भिगवणला पोचेपर्यंत उन्हं चढली होती. हायवेवरच्या हॉटेलांतून मासळी तळल्याचा वास येत होता आणि कॅमेरे गळ्यात घातलेले पुण्याचे लोक पक्षी बघायला जायच्या गाड्या ठरवत होते. विनयाचं घर स्टेशनच्या बाजूला होतं. दार तिनंच उघडलं. चाळिशीची, चष्मा, केस घाईत बांधलेले. तिनं आधी त्याच्या अंगठ्याकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं, आणि म्हणाली, "या."

चिंतामणराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. "नाव काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"बुद्धघोष."

"बुद्धघोष," ते म्हणाले, आणि मान हलवली. आडनाव त्यांनी विचारलं नाही. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नसे, नावातच लोकांना उत्तर मिळायचं. बुद्धघोषला त्याची सवय होती. तो त्यांच्या पुढच्या बोलण्याची वाट बघत उभा राहिला. "मोठ्या पंडिताचं नाव ठेवलंय वडिलांनी," ते म्हणाले. "बसा ना. विने, पंखा वाढव, उन्हातून आलेत."

आतल्या खोलीत टेबल होतं. एका बाजूला एकच खुर्ची. दुसरी तिनं स्वयंपाकघरातून आणून ठेवली. त्यानं पट मांडला, दिवे, जहाजं, वादळाचे पत्ते, आणि नियम सांगायला सुरुवात केली. सांगताना त्याला फार बरं वाटत होतं. हा नियम का आहे, तो नसता तर काय झालं असतं, दुसऱ्या एका खेळात हाच नियम कसा फसला. ती ऐकत होती. मध्येच बाहेरून हाक आली, ती उठली, पाणी देऊन आली. त्यानं जिथं थांबला होता तिथून पुढं सुरू केलं.

खेळ लागला. ती भराभर चाली करायची आणि वर बघायची नाही. तो प्रत्येक चालीवर काहीतरी बोलायचा. "हे चांगलं केलंत. पण इथं मी आता काय करीन सांगा?" ती म्हणायची, "बघू." परत हाक आली. गोळ्या. मग वडिलांना फोन आला, तो तिनं कानाला लावून दिला. मग कुणीतरी शेजारचं रिपोर्ट दाखवायला आलं, तिनं दारातच उभं राहून समजावून सांगितलं. दर वेळी ती येऊन बसायची आणि पटाकडं बघून आपण कुठं होतो ते शोधायची. त्याचं बोलणं चालूच होतं.

शेवटाकडं खेळ रंगात आला. तिच्या बंदरासमोर तीन जहाजं होती. एक दिवा तिथं लावला असता तर तिन्ही तिची झाली असती. तिनं दिवा उचलला, क्षणभर बोटांत धरला आणि पार दुसऱ्या टोकाला, रिकाम्या खडकांवर नेऊन ठेवला.

बुद्धघोष पटाकडं बघत राहिला. त्याच्यासारख्या माणसाला यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

"मुद्दाम हरलात," तो म्हणाला.

"हो."

"का?"

तिनं चष्मा काढून पुसला. "लवकर संपावा म्हणून. राग मानू नका. दिवसभर माझ्यासमोर माणसं बसलेली असतात हो. हात पुढं करून. कुणाला सुईची भीती, कुणाला रिपोर्टची. प्रत्येकाशी बोलावं लागतं. घरी आलं की बाबा. संध्याकाळी ते झोपले की मी या खुर्चीत बसते आणि एकटी खेळते. तेवढ्या वेळात माझ्याकडून कुणाला काही नको असतं. मला तेच आवडतं."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"मला वाटलं, तुमच्याशी जमेल. तुमचे व्हिडिओ मी रोज बघते. खरंच आवडतात. पण व्हिडिओतल्या तुम्हाला थांबवता येतं. बाबांनी हाक मारली की मी तुम्हाला थांबवते, परत येते, तुम्ही तिथंच असता. इथं तसं करता येत नाही ना."

ती काही चुकीचं बोलली नव्हती, आणि वाईट हेतूनंही बोलली नव्हती. त्यानं जहाजं गोळा करायला घेतली. तिनं दिवे गोळा केले, मोजून त्याच्या हातात दिले.

"वाघ-बकरी चालू ठेवू या का?" तिनं विचारलं. "ते मला बरं वाटतं."

"बघू," तो म्हणाला.

निघताना चिंतामणराव म्हणाले, "परत या. हिच्याकडं कुणी येत नाही." विनयानं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

हायवेवरच्या एका हॉटेलात तो जेवायला थांबला. मासळीचं ताट मागवलं आणि अर्धं तसंच टाकलं. बाहेर मोटारसायकलवर खोकं बांधलेलं होतं, त्याच्यावर त्याचं लक्ष होतं, जसं काही ते कुणी नेणार होतं. त्याला तिचा राग येत नव्हता. राग आला असता तर सोपं गेलं असतं. आपल्याला जे नाही म्हणून आपण झुरतो तेच तिला फार झालंय, आणि दोघांनाही त्यात काही करता येत नाही, हे त्याला जेवता जेवता नीट कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

पुढचे बरेच दिवस त्यानं चाल पाठवली नाही. तिनंही विचारलं नाही.

मग एका रविवारी त्यानं दीपगृहांचा पट टेबलावर मांडला, मोबाइल टांगला आणि व्हिडिओ केला. कपाटातला हिरवा शर्ट काढला नाही. अलीकडची चाल खेळला, उठला, वळसा घालून पलीकडं बसला, पलीकडची चाल खेळला. रेकॉर्डिंग बंद केलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज, पंख्याचा आवाज, सगळं तसंच ठेवलं. "समोर कुणी नाही," तो म्हणाला. "याआधीही कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंनी मीच खेळायचो. एकट्यानं खेळणं म्हणजे घरकाम, असं मी म्हणालो होतो. ते मत मी मागं घेतो. पण हा खेळ दोघांचा आहे, आणि तो एकट्यानं खेळला की निम्माच कळतो, हे मत मागं घेत नाही."

व्हिडिओ नेहमीपेक्षा जास्त कुणी बघितला नाही. विनयानं खाली फक्त "पूर्ण बघितला. न थांबवता." असं लिहिलं.

पण मंगळवारी दिशाचा फोन आला. तो तेव्हा इंदापूरच्या स्टँडवर परतीच्या बसची वाट बघत होता.

"दादा, ते हिरव्या शर्टातले हात तुझेच होते?"

"तू बघतेस व्हिडिओ?"

"सगळे बघते. भांडी घासताना लावते." ती म्हणाली. "मला वाटायचं तुला कुणीतरी मिळालंय. दर रविवारी येतं, खेळतं. मी आईला पण सांगितलं, दादाचा मित्र आहे, आता तो एकटा नाही. म्हणून मी... मला वाटलं, तुझं चाललंय. सारखा फोन कशाला करायचा."

बस लागली, माणसं धावली, बुद्धघोष खांबाला टेकून तसाच उभा राहिला. आपण एक माणूस उभा केला आणि त्यानं आपली खरी माणसं घालवली, असं काहीसं त्याच्या मनात आलं, पण बोलला तो वेगळंच. "बाकी बरं आहे ना? पोरं?"

"बरी आहेत. दादा, मी येईन रे. सुट्टी लागली की येते."

"ये," तो म्हणाला. मागं तिचं धाकटं पोर रडायला लागलं आणि फोन ठेवावा लागला. ती येईल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं.

शनिवारी तो लोणीला गेला. आई, ताईबाई, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. तो शेजारी बसला आणि शेंगा फोडायला लागला.

"दिशीचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "तुजा त्यो दोस्त न्हायच म्हणं."

"नाही."

"मग इतकं दिस कुणासंगं खेळत हुतास?"

"कुणासंगंच नाही, आई."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मला ते शिकवलं तर येईल का?" त्यांनी विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "न्हाय येणार. डोळ्याला दिसत बी न्हाय नीट. पर तू मांड. मी बसते म्होरं. तुला बोलायला तरी व्हईल."

खोकं बारामतीलाच राहिलं होतं. त्यानं चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर वाघ-बकरीचा पट आखला. शेंगदाण्याच्या बकऱ्या केल्या. आई समोर बसल्या आणि त्यानं सांगितलं तिथं दाणे ठेवत गेल्या, तो म्हणेल तसं. त्यांनी स्वतःहून एकही चाल केली नाही, आणि वाघाकडं त्यांचं लक्षही नव्हतं. त्या त्याच्याकडं बघत होत्या. तो नियम सांगत राहिला. मग विकी शेतातून आला, पाण्याच्या पाळीवरून शेजारच्याशी झालेलं भांडण सांगायला लागला, आणि आई उठून चहा टाकायला आत गेल्या. पटावरचे दाणे कोंबडीनं खाल्ले.

सोमवारी सकाळी बसमध्ये त्यानं विनयाचा जुना मेसेज उघडला. पटावर त्याचा एक वाघ मोकळा होता, दुसरा जवळजवळ कोंडलेला. बराच विचार करून त्यानं मोकळ्या वाघाची चाल पाठवली. त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी, बस लासुर्ण्याला थांबली असताना, मोबाइल वाजला. एक आकडा, बाकी काही नाही. दारातून बाजाराला निघालेल्या बायका पाट्या घेऊन चढत होत्या. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि खिडकीकडं सरकून जागा करून दिली.